सोलर सीसीटीव्ही कॅमेरा, फोरजी सिमवाला: नारळचोर पकडायला घेतला, पावणेदोन वर्षं वापरून लिहितोय

आधीच सांगून टाकतो, कॅमेरा चांगला आहे. ज्यांना तेवढंच बघायचंय त्यांनी माझे चार स्टार बघा आणि खुशाल ऑर्डर टाका. बाकीच्यांनी जरा टेका, कारण मी हा कॅमेरा घराच्या सुरक्षेसाठी वगैरे घेतलेला नाही, मी तो चुलतभावाला पकडायला घेतला, आणि त्या कामाला कॅमेरा कसा आहे हे एकाही रिव्ह्यूत सापडत नाही. सगळे लिहितात पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, बायको खूश.

तर गाव आमचं मालवण तालुक्यात, समुद्र घरापासून चालत सात-आठ मिनिटं. मी नोकरीला कुडाळात, फ्लॅटवर राहतो, शनिवारी संध्याकाळी गाडी काढून गावी आणि सोमवारी पहाटे परत. गावात आई एकटी. घराच्या दक्षिणेला गडगा, गडग्यापलीकडे चुलत्यांचं घर, चुलते गेले, आता चुलतभाऊ असतो, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमच्या घरात त्यांचं नाव घेतलेलं मी लहानपणापासून ऐकलेलं नाही. "थयले" म्हणायचं. थयल्यांकडे पावणे इले, थयल्यांचो झील धावी पास झालो. बस.

कारण विचाराल तर एक नाही, थर आहेत. सगळ्यात खालचा थर तांब्याच्या घंगाळाचा. वाटणी झाली १९८९ ला, तेव्हा मी तिसरीत. घंगाळ चुलत्यांकडे गेलं आणि बाबांचं म्हणणं की आजीनं ते आपल्याला द्यायचं कबूल केलेलं. त्यानंतर सव्वीस वर्षं बाबा प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन आंघोळ करायचे आणि दर आंघोळीला, अगदी दर आंघोळीला, पहिला तांब्या डोक्यावर ओतताना एकदा "घंगाळ" म्हणायचे. शिवी दिल्यासारखं नाही हो, लोक हर हर गंगे म्हणतात तसं. बाबा २०१५ ला गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागायला तीन वर्षं आणि अकरा खेपा गेल्या, घंगाळाचा राग मात्र बाराव्यालाच माझ्या नावावर चढला, ना फेरफार, ना नोटीस, ना कुणाची हरकत.

वरचा थर तौक्तेचा. मे २०२१ ला ते वादळ आमचा किनारा घासत वर गेलं तेव्हा आमच्या परड्यातले पाच माड आडवे झाले, त्यातला एक नेमका गडग्यावर. लॉकडाऊनचे दिवस, त्यात रस्त्यावर झाडं, मी आठ दिवसांनी पोचलो तोवर थयल्यांनी गडगा परत रचून काढला होता. जुनेच जांभ्याचे चिरे, पण रचलाय असा की पाय देऊन उभं राहा हलणार नाही, ते मी कबूल करतो. फक्त दीड हात आमच्या बाजूला सरकवून. आई म्हणते सरकवलेलो नाय, तुझे डोळे सरकले. पण मी पायांनी मोजलंय.

आता इथं प्रत्येक जण सांगतो की मोजणी आण. हद्द कायम मोजणी म्हणून प्रकार असतो, भूमी अभिलेखमध्ये अर्ज करायचा, फी भरायची, सगळ्यांना नोटिसा जातात, मग मोजणीदार येऊन खुणा करून देतो. सातबाऱ्यावर आमची सतरा नावं, त्यातली नऊ मुंबईला आणि दोन वर गेलेली, हे कारण मी सगळ्यांना देतो आणि ते खोटंही नाही. पण इथं कोण ओळखतंय मला म्हणून खरं सांगतो. मोजणी झाली आणि दीड हात थयल्यांचाच निघाला तर मी तोंडावर पडणार, आणि आमचा निघाला तर ते गडगा मागे घेणार आणि विषय संपणार. मग शनिवारी गावी गेल्यावर गडग्यापाशी उभं राहून मी बघायचं काय? ते दीड हात माझ्या फार उपयोगाचे आहेत. तिथं काही पेरत नाही मी, पण दर आठवड्याला पीक घेतो.

मग नारळ. गडग्याला लागून आमचे तीन माड, त्यातला एक थयल्यांच्या खळ्याकडे कललेला. पाडेली दीड-दोन महिन्यांनी येतो, मधल्या काळात सुके नारळ आपोआप पडत राहतात, आणि २०२३ च्या दिवाळीपासून मला असं वाटायला लागलं की वाऱ्याच्या रात्रीनंतरही आपल्या माडाखाली काही सापडत नाही. आईला विचारलं तर "पडले नसतीत". इतके माड, इतका वारा, आणि पडले नसतीत! मार्च २०२४ मध्ये मी कॅमेरा मागवला. ४,३९९ रुपये, वर ६४ जीबीचं कार्ड वेगळं.

वस्तूबद्दल आता जरा नीट लिहितो, कारण कोकणात लावणार असाल तर कंपनीच्या पुस्तकात यातलं काही नाही.

जागा. माडाला लावू नका. एक तर वाऱ्यात माड डुलतो आणि प्रत्येक डुलकीला मोबाईलवर अलर्ट येतो, दुसरं म्हणजे माडाला खिळा मारला की ती जखम सोंड्या भुंग्याला आमंत्रण, तो जखमेतच अंडी घालतो आणि मग नारळचोर राहिला बाजूला, माडच जातो. मी फणसाला पट्ट्यानं बांधला, दहा फुटांवर. पॅनल दक्षिणेला तोंड करून, थोडं कलतं, आपल्या अक्षांशाला पंधरा-सोळा अंश पुरे. सोबत जे स्क्रू येतात ते फेकून द्या, खाऱ्या हवेत चार महिन्यांत त्यांचा चहा होतो. स्टेनलेसचे आणा.

पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो आणि आषाढात आठ-आठ दिवस ऊन नाही. बॅटरी पाचव्या दिवशी मान टाकते. २०२५ ला तर मान्सून २५ मे लाच कोकणात उतरला, त्याआधीचे चार-पाच दिवसही कोसळत होता, म्हणजे लोक आंबे काढतायत आणि माझा कॅमेरा बंद. पाण्यानं मात्र आत काही झालं नाही, तेवढं मानलं.

ऊन. याचं कोणी सांगत नाही. यातला सेन्सर माणसाच्या अंगाची ऊब आणि आजूबाजूची हवा यातला फरक पकडतो. एप्रिल-मेच्या दुपारी गडग्याचा चिराच माणसाइतका तापलेला असतो, फरकच उरत नाही, त्यामुळे दुपारी बारा ते तीन माणूस समोरून गेला तरी हा गप्प. चोराला हे कळू देऊ नका.

कोळी. रात्री लेन्सभोवतीचे दिवे लागतात, त्यावर किडे येतात, किड्यांवर कोळी येतो आणि लेन्सवरच जाळं बांधतो, मग वाऱ्यानं जाळं हललं की रात्रभर "ह्यूमन डिटेक्टेड, ह्यूमन डिटेक्टेड". पंधरा दिवसांनी काठीला फडकं बांधून पुसायला लागतं. हे काम मी आईवर सोपवलं आणि ती ते करत नाही, कारण तिला कॅमेराच पसंत नाही. "माझ्यार नजर ठेवतस?" म्हणाली पहिल्या दिवशी. तुझ्यावर नाही गो, थयल्यांवर. "मग तेंच्यात जावन बांध."

रात्रीचं चित्र काळंपांढरं पण स्वच्छ. ते दिवे ८५० नॅनोमीटरचे आहेत, म्हणजे अंधारात बारीक लाल ठिपके दिसतात. अजिबात न दिसणारे हवे असतील तर ९४० वाले घ्या, त्यांचा पल्ला कमी असतो. मी मुद्दाम ८५० घेतला. दिसू देत की. रात्री परसाकडे निघालास की तुला दिसू दे, कोणीतरी बघतंय.

आवाजाची सोय दोन्हीकडून आहे, म्हणजे मी कुडाळात बसून बोललो की फणसावरून ऐकू येतं. एकदा रात्री अकराला गडग्यापाशी काहीतरी हललं, मी ताडकन उठून मोबाईलवर ओरडलो, "कोण रे थय?" मांजर होतं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, आवाज कापत होता. म्हणाली रात्री तुझ्या बापाशीन हाक मारल्यान, फणसाकडसून, साफ आयकलंय. मी सांगितलं तो मी होतो, कॅमेऱ्यातून. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या डब्यातसून तुझो आवाज अगदी तेंच्यासारखो येता. ते फीचर मी त्यानंतर वापरलेलं नाही. बंदच ठेवलंय, तुम्हीही म्हातारी माणसं घरात असतील तर बंद ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पहिलं वर्षभर कॅमेऱ्यात काहीही सापडलं नाही. कोल्हा दोनदा, माकडं रोज, आई, आईची कोंबडी, आणि पाच-सहा वेळा थयलो स्वतः, पण स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या कामात. आणि तरी सांगतो, ते वर्ष माझं फार मजेत गेलं. जेवण झालं, भांडी झाली, बायको टीव्हीसमोर, की मी गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभराच्या क्लिपा बघायला बसायचो. सिरियल बघावी तसं. एचडीवर लाइव्ह बघितलं तर तासाला जीबीच्या आसपास डेटा जातो, म्हणून मी एसडीवर बघायचो, थयलो दिसला की एचडी करायचो. तो तोंड कसं धुतो, चूळ कुठे टाकतो, गडग्याकडे बघतो का, किती वेळ बघतो. एकदा तो आमच्या माडाकडे नुसता वर बघत उभा राहिला, चाळीस सेकंद, ती क्लिप मी सेव्ह करून ठेवली. त्याच्यावर खटला भरला असता तर मी "वर बघणे" हासुद्धा गुन्हा लावला असता.

बायको म्हणाली तुम्ही हल्ली खूश दिसता. खरंच होतो. दर २८ दिवसांनी रिचार्ज मारायचो ते वाईट वाटायचं नाही, आणि हिशोबाला बसलो तर नारळ वर्षाला गेले असतील फार तर पन्नास-साठ, कॅमेरा, कार्ड, रिचार्ज धरून मी त्याच्या तिप्पट नारळ विकत घेऊन वाटले असते. याच्यावर मी वाचलंही मग. २००४ साली झुरिचमध्ये लोकांना पैशांचा एक खेळ खेळायला बसवलेलं, समोरच्यानं दगा दिला की त्याला दंड करायची मुभा, आणि ठरवत असताना मेंदूचं स्कॅन. तर दंड करायचा विचार करताना मेंदूचा जो भाग पेटला तो बक्षीस मिळणार म्हटल्यावर पेटतो तोच, आणि काही जणांनी तर स्वतःच्या खिशातले पैसे घालून दंड केला. मी वाचता वाचता रिचार्जची तारीख बघितली.

तसं हे सांगायला झुरिचला जायची गरज नाही. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक असतं, तीन वाजता अर्धा मांडव घोंगडी घेऊन आडवा असतो, बाया पेंगतायत, पोरं शेंगदाण्याच्या सालांवर झोपलीत. पण भीमानं दुःशासनाची छाती फोडायचा प्रवेश आला की बघा. कुणी उठवत नाही, सगळे आपोआप उठतात. आणि देवळात गाऱ्हाणं घालताना ऐकलंय ना, पाऊस दे, पीक दे, चाकरमान्यांक सुखरूप ठेव, इथपर्यंत लोक होय म्हाराजा म्हणतात ते सवयीनं म्हणतात, पण "जो कोण वाकड्यात असात तेका सरळ कर रे म्हाराजा" आलं की "होय म्हाराजा" कसं छातीतून येतं. मी तेव्हा दक्षिणेकडे बघून म्हणतो. तो माझ्याकडे बघून म्हणत असणार, मानकरी आहे, पुढेच असतो.

११ एप्रिल २०२५, पहाटे ५ वाजून ५२ मिनिटं. मोबाईल वाजला, मी उघडला आणि बघितलं, बनियन, लेंगा, काखेत बॅटरी, गडग्याचे वरचे दोन चिरे जिथे जरा खाली आहेत तिथून पाय टाकून थयलो आमच्या हद्दीत. माझे हात थरथरत होते, रागानं नाही, लॉटरी लागल्यासारखे. तो वाकला, एक नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, गडग्यापलीकडे ठेवला. दुसरा. तिसरा. प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवायचा, डोळे मिटून, डॉक्टर छाती तपासतात तसा. मी चौदा मोजले. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांची क्लिप.

त्या दिवशी मी ती किती वेळा बघितली असेन सांगत नाही. ऑफिसात चहाला बाहेर जाऊन बघितली. बघता बघता आठव्या-दहाव्या वेळेला शेवटचा भाग लक्षात आला. नारळ झाल्यावर तो परत जात नाही, आमच्या विहिरीकडच्या वाटेवर एक ओलं चुडत आडवं पडलेलं असतं ते दोन्ही हातांनी ओढून बाजूला फणसाच्या बुंध्याला टेकवतो, मग जातो. आई त्या वाटेनं सकाळी पाण्याला जाते. तेवढे चाळीस सेकंद मी कापले. मोबाईलमध्येच होतं, दोन बोटांनी. उरली एक मिनिट आठ सेकंदांची, नारळ उचलून तोंड वळवतो तिथे संपते, एकदम चोरासारखी.

कुडाळच्या कोर्टात एक वकील मित्र आहे, त्याला दाखवली. पुढचं ज्यांना उपयोगी असेल त्यांच्यासाठी. एक, इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हटल्यावर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, फाईलच्या हॅश व्हॅल्यूसकट, आणि मूळ फाईल हात न लावलेली लागते, कापलेली चालत नाही (हे ऐकून मी चहा मागवला). दोन, नव्या न्याय संहितेत चोरीचा माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिला आणि माल परत केला तर शिक्षा काय, समाजसेवा. चौदा नारळ, पस्तीसनं धरले तरी ४९० रुपये. म्हणजे त्याला देवळाचा सभामंडप झाडायला लावतील आणि तो तसाही झाडतोच. तीन, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, शेजाऱ्याची न्हाणी फ्रेममध्ये येत असेल तर आजच कॅमेरा फिरवा, कारण त्यात बाईमाणूस दिसलं तर कलम ७७ तुमच्यावरच लागेल आणि ते समाजसेवेत सुटणारं नाही. माझ्या फ्रेमच्या कोपऱ्यात थयल्यांच्या न्हाणीचं कौल येत होतं. त्याच शनिवारी फिरवला.

म्हणजे पोलीस-कोर्ट बाद. राहिला गणपती.

आमचा गणपती मूळ घरात एकच, सगळ्या भावकीचा. वर्षभर तोंडं फिरवलेली माणसं सात दिवस एका ओळीत उभी राहून आरत्या म्हणतात, टाळ याच्या हातातून त्याच्या हातात जातो, बोलणं नाही. मुंबईवाले सगळे आलेले असतात. यापेक्षा चांगलं कोर्ट नाही. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे मला साडेचार महिने थांबायचं होतं, आणि मी थांबलो, आणि ते साडेचार महिने पहिल्या वर्षापेक्षाही भारी गेले. आंघोळ करताना मी संवाद पाठ करायचो. आधी नुसतं "एक गंमत दाखवतो" म्हणायचं की थेट घंगाळापासून सुरू करायचं, क्लिप आधी कुणाच्या हातात द्यायची, तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, कोण त्याची बाजू घेईल, त्याचं जुनं काय काढायचं. एकदा पहिला तांब्या ओतताना माझ्याच तोंडून "घंगाळ" गेलं. बाहेरून बायको म्हणाली, काय हवंय?

दुसऱ्या दिवशी, ऋषीपंचमीला, दुपारची पंगत उठली, ऋषीची भाजी खाऊन सगळे पडवीत टेकलेले, अठ्ठावीस-तीस माणसं. मी मोबाईल काढला. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "ह्यां बघा." मुंबईच्या काकांच्या हातात दिला.

काका चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "रातचा पण इतक्या साफ दिसता?"

पहाटेचं आहे काका, पण तो मुद्दा नाही.

मोबाईल पुढे गेला. पुतण्या म्हणाला, टू के आहे की थ्री के? एकीनं विचारलं यात आमच्या पुण्याच्या फ्लॅटचं दार दिसेल का. थयल्यांची बायको, माझी वहिनी, तिच्यापर्यंत आला तेव्हा पडवी जरा गप्प झाली, मला वाटलं आलं आता. तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तोच फाटको बनियान! कपाटात दोन नवे आणून ठेवलंय, घालीत नाय, आता सगळ्या गावान बघल्यान!" सगळी पडवी हसली. आई सगळ्यात जास्त हसली, पदर तोंडाला लावून.

मग मोबाईल त्याच्याकडे. त्यानं शांतपणे चष्मा लावला, पूर्ण बघितली, संपल्यावर परत सुरुवातीपासून लावली. मी भिंतीला टेकून उभा, कानात नुसता समुद्र. तो म्हणाला, "चौदा न्हय, तेरा."

मी म्हटलं, चौदा मोजलंय मी.

"एक कुसको होतो, तो थयच टाकलंय. हय बघ." आणि त्यानं मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. खरंच, सातवा नारळ तो कानाशी धरतो, हलवतो आणि परत खाली ठेवतो. पन्नास वेळा बघून मला ते दिसलेलं नव्हतं. मग त्यानं मोबाईल उलटापालटा करून बघितला जसा काही कॅमेरा मोबाईलच्या मागेच चिकटलाय, आणि म्हणाला, "केवढ्याक गावलो?"

मी सांगितलं. चार हजार तीनशे नव्व्याण्णव.

"माका लिंक धाड."

बास. एवढंच. कुणी माफी मागितली नाही, कुणी भांडलं नाही, कुणी नारळांचं नावसुद्धा काढलं नाही. पत्ते काढले. मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो आणि मला कसंसंच व्हायला लागलं, पोट रिकामं असल्यासारखं, आणि पंगतीत मी चार वडे खाल्लेले. अमेरिकेतला २००८ चा एक प्रयोग आहे, त्याच वाचनात सापडलेला, ज्यांना फसवणाऱ्याला शिक्षा करायची संधी दिली त्यांना वाटत होतं आपल्याला बरं वाटेल, निघालं उलटंच, त्यांचाच मूड जास्त बिघडलेला, कारण ते त्या माणसाला डोक्यात घोळवत बसले, आणि ज्यांना संधी मिळालीच नाही ते आपले विसरून मोकळे. तेव्हा वाचून मी म्हटलेलं, अमेरिकेतले लोक, त्यांना काय कळतंय सूड. मागच्या दारी उभा राहून ते आठवलं. मला मात्र हळहळ शिक्षेची नव्हती. साडेचार महिने पुरलेली गोष्ट मी तीन मिनिटांत खर्च करून टाकली, ती आणखी एक वर्ष सहज चालली असती, त्याची होती.

लिंक मी त्याच संध्याकाळी पाठवली. त्याचा नंबर माझ्याकडे होता, चॅट कोरी होती, दहा वर्षांत पहिला मेसेज. ना नमस्कार ना काही, नुसती निळी लिंक. त्यानं अंगठा पाठवला.

तर आता स्टार. चित्राला पाच. बॅटरीला पावसाळ्यात दोन, एरवी साडेचार. ॲपला तीन, दर अपडेटला भाषा आपोआप चिनी होते आणि सेटिंग कुठलं हे चित्रं बघून ओळखायला लागतं. कस्टमर केअरला एक, त्यांनी मला अर्धा तास वायफाय राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, माझ्याकडे राउटरच नाही. ज्या कामासाठी घेतला त्याला किती द्यायचे ते मला ठरवता येत नाही म्हणून सोडून दिलं. पकडून देतो, त्यात वाद नाही. पण तुमचा कोणावर राग असेल, जुना, चांगला मुरलेला, आणि तो तुम्हाला पुरतोय, तर कॅमेरा जरा विचार करून घ्या. नुसता संशय असतो तेव्हा माणूस रोज वेगळ्या पद्धतीनं चोरी करतो, क्लिपमध्ये एकदाच, एकाच बनियनवर.

थयल्यांनी नवरात्रात कॅमेरा बसवला. त्याच कंपनीचा, पण पुढचं मॉडेल, मी दिलेल्या लिंकच्या खालीच ते दिसत होतं म्हणे, थ्री के, आणि सेलमध्ये माझ्यापेक्षा सहाशेनं स्वस्त. त्याच्या आंब्यावर, बारा फुटांवर, तोंड आमच्याकडे. दीड हातावर त्याचा पूर्ण ताबा दिसत असणार. आता रात्री मी लाइव्ह लावला की गडग्यापलीकडे अंधारात बारीक लाल ठिपके दिसतात, आणि त्याला आमचे दिसत असतील. मी शनिवारी परड्यात जातो तेव्हा हल्ली बनियनवर जात नाही, शर्ट घालतो.

गेल्या आठवड्यात तीन रात्री माझा मोबाईल सारखा वाजत होता, ह्यूमन डिटेक्टेड, ह्यूमन डिटेक्टेड, उघडून बघावं तर सगळं पांढरं, धुकं असावं तसं. मी म्हटलं गेला कॅमेरा, वॉरंटीही संपलेली. चौथ्या सकाळी व्हॉट्सॲप आला, चॅटमधला तिसरा मेसेज. त्याच्या कॅमेऱ्यातून काढलेला माझ्या कॅमेऱ्याचा फोटो, झूम करून, लेन्सवर हे एवढं जाळं आणि मधोमध कोळी. खाली लिहिलेलं, "कोळ्यान घर केल्यान हा. तुका काय दिसाचा नाय. पुसू?"

वरूनच वाचला मेसेज, उघडलेला नाही. निळी टिक जायला नको.